कोणाची गो तू?

फेब्रुवारी-मार्चमध्ये वसईतल्या पाचूबंदरच्या वलांडींवर बोंबील लटकलेले असतात. वाऱ्याला खारा, ओला वास असतो. त्याच दिवसांत कोळीवाड्यातल्या एखाद्या घरात बारावीतली मुलगी मोबाइलवर ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरत बसलेली असते. वडील भरती-ओहोटी बघून दर्यात गेलेले, आई पहाटेच मासळीची पाटी घेऊन बाजारात. दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, जातीचा दाखला असे कागद एकेक करून अर्जात चढतात आणि मग अर्ज फोटोपाशी येऊन थांबतो.

साधा फोटो चालत नाही. पार्श्वभूमी पांढरी हवी. चौकटीचा ऐंशी टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला हवा. दोन्ही कान दिसले पाहिजेत. टोपी, गॉगल, मास्क काही नको. एक प्रत पासपोर्ट आकाराची, दुसरी चार बाय सहा इंचांची, पोस्टकार्डाएवढी. सोबत दोन्ही हातांच्या बोटांचे आणि अंगठ्यांचे ठसे. मुलगी वसई गावातल्या स्टुडिओत जाते. फोटोवाला केस कानांमागे सारायला सांगतो, हनुवटी थोडी वर, डोळे कॅमेऱ्याकडे. क्लिक झाल्यावर तो संगणकावर रंग जरा उजळ करू का, असे सवयीने विचारतो.

घराकडे परतताना वाटेत एका ओट्यावर म्हातारी बसलेली असते. नजर अधू झालेली. पावलांची चाहूल लागली की ती मान वर करते आणि कोळीवाड्यातला जुना प्रश्न विचारते: “कोणाची गो तू?”

नाव ती विचारत नाही. घर विचारते. उत्तर मिळाले की चेहरा जवळ ओढून घेते, नाक बापावर गेले की आजीवर याचा निवाडा करते, आणि मगच पुढे जाऊ देते.

माणसाच्या चेहऱ्याला तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. हा तोच का? हा कसा? आणि हा कोणाचा? तिन्हींसाठी चेहऱ्याकडे बघावे लागते, म्हणून ते एकच असल्यासारखे वाटतात. पण बघणाऱ्यावर त्यांची पडणारी जबाबदारी अगदी निराळी असते. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांचा फोटो कशासाठी मागावा आणि त्याचे काय करावे, हा वरवर कारकुनी वाटणारा विषय या तीन प्रश्नांपाशी येऊन धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा होतो.

पहिला प्रश्न न्याय्य आहे, आणि गरिबाच्या मुलांसाठी तर तो ढालीसारखा आहे. मध्य प्रदेशातल्या व्यापम घोटाळ्यात वैद्यकीय प्रवेशाच्या जागा विकल्या गेल्या त्या चेहऱ्यांच्या अदलाबदलीतून. काही ठिकाणी खऱ्या उमेदवाराच्या जागी हुशार मुलगा बसवला जाई आणि कागदपत्रांवरचे फोटो बदलले जात. काही ठिकाणी पुढच्या बाकावर ‘इंजिन’ आणि मागच्या बाकावर ‘बोगी’ अशी आसनव्यवस्था जुळवली जाई. २०१३ मध्ये प्रकरण फुटले. २००८ ते २०१२ या काळात मिळवलेले ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्दच राहतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिला. २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या थेनी इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एक विद्यार्थी पहिल्या वर्षाला बसला होता. त्याची परीक्षा मुंबईच्या केंद्रावर भलत्यानेच दिली होती. प्रवेशपत्रावरचा चेहरा आणि वर्गातला चेहरा जुळेना, तेव्हा ते उघडकीला आले. असा प्रत्येक खोटा चेहरा कुणा एका खऱ्या चेहऱ्याची जागा खातो. पाचूबंदरच्या मुलीला तिच्या गुणांची जागा मिळायची असेल, तर परीक्षा खोलीत बसलेली तीच आहे हे कुणीतरी तपासलेच पाहिजे.

तपासणीची ही सवय तिच्या घराला नवी नाही. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट बळकावून मुंबईकडे आले. त्यानंतर किनारपट्टीवरच्या मच्छीमारांना फोटो आणि बोटांच्या ठशांची बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना आली. जो माणूस पिढ्यानपिढ्या याच पाण्यात जाळे टाकत आला, त्याला त्याच पाण्यात आपला चेहरा दाखवून स्वतःला सिद्ध करावे लागू लागले. कुणाच्या गुन्ह्याने कुणाच्या खिशात ओळखपत्र आले, हे कोळ्यांना चांगले कळते. बाप गळ्यात कार्ड घालून दर्यात जातो, लेक हातात फोटो घेऊन परीक्षेला.

तरीही या फोटोची वंशावळ नीट पाहिली पाहिजे. कान दिसलेच पाहिजेत हा आग्रह कुठून आला? १८८० च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांत आल्फाँस बर्तियाँ या कारकुनाने गुन्हेगार ओळखण्याची पद्धत बसवली. एक फोटो समोरून, एक बाजूने, शिवाय अंगाची मापे. केस वाढतात, दाढी बदलते, माणूस जाडा-बारीक होतो. कानाची घडण मात्र बदलत नाही, यावर त्याचा मोठा भरवसा होता. बोटांच्या ठशांची गोष्ट तर आपल्याकडचीच आहे. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटावर राज्यधर कोनाई यांच्या पंजाचा ठसा घेतला, कारण नेटिव्ह माणूस पुढे सही नाकारील अशी त्याला शंका होती. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्गीकरण उभे केले. उमेदवाराच्या अर्जावरच्या फोटोत आणि ठशांत हा संशय अजून मुरलेला आहे. उद्या जिच्यावर रोगी डोळे मिटून विश्वास टाकणार, तिची या व्यवसायाशी पहिली भेट संशयाच्या उंबरठ्यावर होते. हे टाळता येत नसेल, तर निदान त्याची जाणीव ठेवून ते कमीत कमी करावे, एवढी अपेक्षा योग्य आहे.

ती जाणीव सुटली की काय होते, ते जुलै २०१५ मध्ये दिसले. त्या वर्षीची अखिल भारतीय वैद्यकीय प्रवेशपरीक्षा पेपरफुटीमुळे रद्द होऊन २५ जुलैला पुन्हा झाली. फुटीत कपड्यांत दडवलेली ब्लूटूथ यंत्रे वापरली गेली होती, म्हणून पोशाखावर कडक नियम आले. डोके झाकणाऱ्या मुस्लिम मुलींनी न्यायालयांत दाद मागितली. केरळ उच्च न्यायालयाने दोघींना लवकर येऊन महिला पर्यवेक्षकाकडून तपासणी करून घेण्याच्या अटीवर परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र, एका दिवसापुरता रुमाल न घेतल्याने श्रद्धा नाहीशी होत नाही, अशा आशयाचे मत देऊन याचिका ऐकायला नकार दिला. परीक्षेच्या दिवशी तिरुवनंतपुरममध्ये एक कॅथलिक सिस्टर केंद्रावर आली. तिच्या डोक्यावर व्रतस्थ स्त्रियांचे वस्त्र होते, गळ्यात क्रूस होता. दोन्ही काढायला सांगितले गेले. तिने नम्रपणे नकार दिला आणि परीक्षा न देता परतली.

वसईत ही गोष्ट कुणालाही परकी वाटू नये. पाचूबंदरमध्ये हिंदू कोळी आहेत, ख्रिस्ती कोळी आहेत, आणि वसई धर्मप्रांतातून व्रतस्थ झालेल्या कित्येक सिस्टर दवाखान्यांत आयुष्य घालवतात. त्या सिस्टरचा चेहरा उघडाच होता. झाकलेले होते ते केस आणि कान. तपासणीचे काम एका बंद खोलीत, एका बाईच्या दोन मिनिटांच्या हाताने होण्यासारखे होते. पुढे नियमांनी हाच मार्ग धरला: धार्मिक वा पारंपरिक पोशाख घालणाऱ्यांनी लवकर यावे, तपासणी करून घ्यावी, आत जावे. श्रद्धा एका दिवसात नाहीशी होत नाही हे खरे असेल. पण संशय दूर करायला श्रद्धेलाच पदर बाजूला करायला लावणे गरजेचे होते का, हा प्रश्न त्या नियमानेच निकाली काढला.

काहींच्या दृष्टीने तर फोटो काढणे हेच पाप आहे. कोरीव मूर्ती वा प्रतिमा करू नये ही बायबलमधली आज्ञा अक्षरशः पाळणारी नेब्रास्कातली एक पेंटेकोस्टल स्त्री लग्नाचाही फोटो घरात ठेवत नव्हती. वाहन परवान्यावर फोटो लावायला तिने नकार दिला. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९८४ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते निम्मी-निम्मी पडली आणि तो निकाल कायम राहिला. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात हटराइट पंथाच्या शेतकरी वसाहतीने हाच आग्रह धरला, तेव्हा २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी फोटो सक्तीचा ठरवला. दोन देशांचे न्यायाधीश एकाच प्रश्नावर असे दुभंगले, यावरूनच त्याचे वजन कळते. देवाने घडवलेला चेहरा कागदावर उतरवून सरकारच्या हवाली करणे ही क्षुल्लक बाब नाही, असे त्या श्रद्धाळूंना मनापासून वाटत होते.

दुसऱ्या प्रश्नापाशी आले की खरा धोका सुरू होतो. हा कसा?

पाचूबंदरच्या बाजूने जी खाडी समुद्राला मिळते, तिच्यात उल्हास नदीचे पाणी येते, आणि ती नदी कल्याणवरून वाहते. त्या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना लग्नानंतर आनंदी झाली. जून १८८३ मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावाहून तिने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले. वय अवघे अठरा. आपले शिक्षण कॉलेजच्या अटींत कदाचित बसत नसेल, हे तिने लपवले नाही. पुरुष डॉक्टरांपुढे न जाता वेदना सोसत राहणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी आपल्याला हे शिक्षण हवे आहे, हे तिने सांगितले. डीन रेचेल बॉडली यांनी तिला घेतले.

आनंदीबाईंचा सर्वांना माहीत असलेला फोटो नंतरचा आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा. पुस्तकांत छापली जाणारी ती तीन विद्यार्थिनींची तसबीर: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या पोशाखातल्या ताबात इस्लामबुली. तिघींचे चेहरे थेट समोर बघतात. हा फोटो अर्जाला जोडलेला नव्हता. प्रवेश मिळून दोन वर्षे झाल्यावर, त्या काय झाल्या आहेत हे सांगण्यासाठी तो काढला गेला. आधी पत्र, मग चेहरा. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पण प्रवेशाच्या वेळी त्यांच्याबद्दल जे ठरले, ते त्यांनी लिहिलेल्या शब्दांवरून ठरले होते.

पुढे त्याच अमेरिकेत हा क्रम उलटला. १९१४ मध्ये तिथल्या केंद्रीय नोकऱ्यांच्या अर्जावर फोटो सक्तीचा झाला. कारण दिले गेले तोतयेगिरी रोखण्याचे. कृष्णवर्णीय उमेदवारांना अर्जावरूनच वेगळे काढता येऊ लागले, आणि ही अट १९४० पर्यंत टिकली. तिच्या जागी बोटांचे ठसे आले. १९२६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने अर्जासोबत फोटो मागायला सुरुवात केली. अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थ्यांची संख्या कमी करायची होती. ‘चारित्र्य आणि योग्यता’ या नव्या निकषांसोबत फोटोही फाइलमध्ये आला, आणि नाक, केस, आडनाव एकत्र वाचता येऊ लागले. पहिला प्रश्न दारातून आत येतो आणि दुसरा त्याच्या मागून शिरतो, याची ही दोन उदाहरणे.

डॉक्टरांच्या निवडीतही हे आजपर्यंत पोचले आहे. अमेरिकेत पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणाच्या अर्जावर फोटो असतो. २०१९ मध्ये रेडिओलॉजी विभागांतल्या निवडकर्त्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना बनावट अर्ज दिले गेले होते. गुण, शिफारशी, अनुभव सगळे यदृच्छेने वाटून, त्यावर वेगवेगळे चेहरे लावून. देखणे चेहरे वर गेले, स्थूल चेहरे खाली आले. निवडणारे स्वतः डॉक्टर होते. हाडांतल्या बारीक भेगा शोधणारे डोळे फोटोपुढे फसले.

महाराष्ट्रात निवड अशी होत नाही, आणि त्याबद्दल समाधान मानायला हवे. ‘नीट’चे गुण, त्यावरून क्रमांक, त्यावरून जागा. फोटो गुणांत शिरत नाही. याची किंमतही मोजली गेली आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एके काळी स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असे आणि तिच्यात गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात उमेदवारांना समक्ष भेटून निवडण्याची जुनी रीत होती. खेड्यातल्या दवाखान्यात कोण टिकेल हे त्यांना जाणून घ्यायचे होते. २९ एप्रिल २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांनाही ‘नीट’ बंधनकारक ठरवली. सेवेची ओढ क्रमांकात मोजता येत नाही, हे या संस्थांचे म्हणणे खोटे नव्हते. पण समक्ष बघणाऱ्याची नजर प्रत्येक वेळी वेल्लोरची किंवा सेवाग्रामचीच असेल, याची हमी कोण देणार? ज्या देशात आडनावावरून जात आणि रंगावरून घराणे वाचले जाते, तिथे निवडणाऱ्याच्या हाती आधी चेहरा देणे म्हणजे कोळीवाड्यातल्या मुलीच्या वाटेत आणखी एक पायरी बांधणे होय. ही भीती खोलवर पोचलेली असते, म्हणून तर स्टुडिओतला माणूस रंग उजळायचे विचारतो, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

धर्मांनी या दुसऱ्या प्रश्नाविरुद्ध पुष्कळ आधी बजावले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत राहून बायबलचा ‘सुबोध’ मराठी अवतार सिद्ध केला. त्या बायबलातली शमुवेलाची कथा अशी: राजा निवडायला आलेला हा संदेष्टा इशायाचा थोरला, उंचापुरा मुलगा पाहून भारावतो, आणि देव त्याला अडवतो, माणसे बाहेरचे रूप बघतात, देव अंतःकरण बघतो. निवड होते ती रानात मेंढरे राखणाऱ्या धाकट्या दावीदाची. जनकाच्या सभेत आठ ठिकाणी वाकडा असलेला अष्टावक्र शिरतो, पंडित हसतात, आणि तो राजाला विचारतो की ही विद्वानांची सभा आहे की कातडी पारखणाऱ्यांची. या दोन्ही कथा निवडीच्याच आहेत. दोन्हींत परीक्षक चुकतात, आणि चुकतात ते डोळ्यांमुळे.

मराठी मनाला याहून जवळची आहे चोखोबांची कथा. पंढरपुरात आजही दोन रांगा असतात, पदस्पर्शदर्शनाची आणि मुखदर्शनाची. ज्याला वेळ नाही, बळ नाही, त्यालाही निदान मुख दिसावे, यासाठी दुसरी रांग. चोखोबांना यांतली कुठलीच मिळाली नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे, बाहेर. ते मंदिर दलितांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. ज्यांना देवाचे मुख बघू दिले गेले नाही, त्यांचे मुख आधी बघितले गेले होते आणि त्यावरून निकाल लागला होता.

पण चोखोबांच्या अखेरीची परंपरेने जपलेली गोष्ट या विषयाच्या मुळाशी जाते. मंगळवेढ्यात गावकूस कोसळले आणि त्याखाली मजुरांसोबत चोखोबाही गाडले गेले. नामदेव त्यांच्या अस्थी आणायला गेले तेव्हा ढिगाऱ्यात सगळ्यांची हाडे मिसळलेली होती. चेहरा उरला नव्हता. नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून गोळा केले. ही ओळख पटवण्याचीच गोष्ट आहे. नामदेवांचा प्रश्नही ‘हा तोच का’ हाच होता. पण तो त्यांनी मित्राच्या नात्याने विचारला, म्हणून उत्तर डोळ्यांऐवजी कानांनी मिळाले.

तिसरा प्रश्न हा असा नात्याचा आहे. वसईच्या ख्रिस्ती घरांत गोन्सालो गार्सिया यांची तसबीर असते. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्याच आईचा हा मुलगा फ्रान्सिस्कन बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीत त्याला क्रूसावर मारण्यात आले, आणि १८६२ मध्ये तो संत ठरला. फोटोचा शोध लागण्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षे आधी गेलेल्या या माणसाचा चेहरा चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी आपापल्या मनाने रंगवला. तो जुळतो की नाही, हे कुणी तपासत नाही. त्याच्यापुढे मेणबत्ती लावणाऱ्याला एवढे पुरते की तो आपला आहे, वसईचा आहे.

विसाव्या शतकात इमॅन्युएल लेव्हिनास या तत्त्वज्ञाने आपला सगळा विचार चेहऱ्याभोवती उभा केला. लिथुआनियात जन्मलेला हा ज्यू फ्रान्समध्ये राहिला, युद्धकैदी झाला, आणि नाझींच्या संहारात त्याने आपले आईवडील व भाऊ गमावले. समोरच्याचा चेहरा म्हणजे आपल्याला घातलेली साद आहे, असे तो म्हणे. ती ऐकली की त्या माणसाला इजा करता येत नाही, त्याची जबाबदारी अंगावर येते. आणि म्हणूनच, समोरच्याला खरोखर भेटताना त्याच्या डोळ्यांचा रंगसुद्धा लक्षात येऊ नये, असे त्याने सुचवले. डोळ्यांचा रंग टिपणारी नजर माणसाची वस्तू करू लागते. फोटो नेमका तो रंग टिपतो.

डॉक्टरला मात्र रंग बघावाच लागतो. इथे हा विचार पुन्हा एक वळण घेतो. ‘योगरत्नाकर’ या ग्रंथात रोग्याची अष्टविध परीक्षा सांगितली आहे: नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती. डोळे आणि आकृती बघणे हे वैद्याचे कर्तव्यच. ग्रीक हिपोक्रेटिसच्या परंपरेने मरणाच्या दारातल्या माणसाचा चेहरा इतका बारकाईने वर्णिला की त्याला वैद्यकात अजून त्याचेच नाव आहे. पालघरच्या डोंगराळ तालुक्यांत काम करणारा डॉक्टर गरोदर बाईची खालची पापणी बोटाने हलकेच ओढतो आणि आतला लाल रंग किती फिकट आहे ते बघतो. रक्तक्षयाचा पहिला संशय तिथे येतो.

ही नजरही चुकते, आणि चुकली की जीव जातो. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र कोविडच्या काळात घरोघरी पोचले. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की हे यंत्र चांगला आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट होते. त्याच वर्षी लंडनमधल्या मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने सहकाऱ्यांसोबत काळ्या-सावळ्या त्वचेवर रोगांच्या खुणा कशा दिसतात याची पुस्तिका काढली, कारण पाठ्यपुस्तकांत बहुतेक गोरी त्वचाच होती. उन्हातान्हात, खाऱ्या वाऱ्यात वाळलेली त्वचा वाचता येणारे डॉक्टर हवे असतील, तर ती त्वचा ज्यांच्या घरात आहे त्या घरांतली मुले वर्गात आली पाहिजेत. आणि आली तर आपला रंग फोटोत उजळून यावे लागू नये.

वैद्यकीय शिक्षणात हा तिसरा प्रश्न पहिल्याच वर्षी समोर येतो. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा भाग आहे. त्यातला एक पाठ मृतदेहाला आपला पहिला गुरू मानायला सांगतो. शवविच्छेदनाच्या टेबलावर चेहऱ्यावर बऱ्याचदा कापड असते. त्या मृताचे नाव विद्यार्थ्यांना माहीत नसते. काही देह स्वेच्छेने दान केलेले असतात. काही बेवारस म्हणून आलेले. १९४९ च्या अ‍ॅनाटमी कायद्याने बेवारस देह महाविद्यालयांना देता येतात, पण त्याआधी वारस शोधावे लागतात. तेव्हा पोलीस त्या मृताचा फोटो प्रसिद्ध करतात. खाडीत सापडलेला माणूस, रुळांवर सापडलेला माणूस. उंची, बांधा, अंगावरचे कपडे, आणि तो चेहरा. त्या फोटोखाली एकच विनंती असते: ओळखत असल्यास कळवावे. म्हणजे, हा कोणाचा?

दोन माणसे, दोन चेहरे, दोन फोटो. एकावर संशय, एकावर हाक. जिचा फोटो संशयाने घेतला गेला, तिलाच पहिल्या वर्षी हाकेला उत्तर न आलेल्या माणसाच्या शेजारी उभे राहून शिकायचे असते. अर्जावरचा फोटो ‘तोच का’ एवढेच विचारून फाइलमध्ये मिटला जावा, गुण मोजणाऱ्याच्या हाती तो कधी पडू नये, आणि केंद्रावरच्या माणसाने तो ताडून बघताना समोर कुणाचे तरी मूल उभे आहे हे विसरू नये. या मागण्या मोठ्या नाहीत. पहिल्या दोन नियमाने पाळता येतात. तिसरी मात्र कुठल्याच परिपत्रकात बसत नाही.

मे महिन्यात परीक्षा होते. पोस्टकार्डाएवढा फोटो छापील नमुन्यावर चिकटवलेला असतो. पर्यवेक्षकासमोर मुलगी सही करते, अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर, आणि कागद त्याच्या हाती देते. उरलेल्या प्रती घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिधापत्रिकेच्या शेजारी राहतात. सुट्टीत एखाद्या दुपारी ती पिशवी बाहेर निघते. ओट्यावरची म्हातारी हात पुढे करते, एक फोटो घेते, डोळ्यांच्या अगदी जवळ नेते, मग लांब धरते, पुन्हा जवळ आणते.

“कोणाची गो ही?”

मुलगी हसून घराचे नाव सांगते. म्हातारी मान डोलावते, फोटो परत देत नाही, पदराच्या टोकाने पुसत राहते. दुपारचे ऊन तिरपे तिच्या चेहऱ्यावर पडलेले असते. मुलगी वाकून बघते. इतकी वर्षे शेजारी राहून कधी लक्षात आले नव्हते: म्हातारीच्या उजव्या बाहुलीत दुधासारखा पांढरा ठिपका आहे, आणि डाव्या डोळ्यात तो नुकता धरू लागला आहे.